पायाचा जोर

४ फेब्रुवारी

मेव्हण्याचं म्हणणं असं की नवा धंदा सुरू करायचा तर रोजचं लिहून ठेवावं. कोणती मोटार कोणाच्या सायकलला बसवली, ती कशी चालली, कुठे अडली. "दाजी, तुमच्या डोक्यात सगळं राहतं हे खरं, पण डोकं आता पन्नाशीला आलंय," असं तो परवा म्हणाला. तो ट्रक चालवतो, त्यामुळे जगाला सल्ला देण्याचा परवाना त्याच्याकडे आहेच. पण बोलणं पटलं.

दुकान वडिलांच्या वेळचं. पंक्चर, ब्रेक, चेन, कधी रंग. आता जो तो विचारतो, आमच्या जुन्या सायकलला मोटार बसेल का. बसेल, असं मी वर्षभर सांगत होतो आणि बसवली एकही नव्हती. आज पहिली बसवली, ती हिच्या सायकलला.

हिची सायकल निवडली त्याला कारण आहे. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ही कपड्यांच्या खोलीत काम करते. चादरी धुणं, वाळवणं, इस्त्री करून घड्या घालणं. आमच्या गल्लीच्या टोकापासून आश्रमाच्या फाटकापर्यंत सगळा चढ. इतकी वर्षं ही तो सायकलवर चढत आली. हल्ली मात्र मधल्या वळणापाशी उतरते आणि सायकल हातात धरून चालते. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "चढ वाढलाय." मी हसलो, तीही हसली. या शहरात याहून मोठा चढ नाही. जी मोटार हिला वर नेईल ती कोणालाही नेईल, आणि रस्त्यावरचे लोक ते रोज बघतील. वेगळी पाटी लावायला नको.

मोटार २५० वॅटची, पुढच्या चाकाच्या मध्यात बसणारी. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, एक घोडा म्हणजे साधारण साडेसातशे वॅट. म्हणजे हिच्या पुढच्या चाकात घोड्याचा तिसरा हिस्सा आला. हिला सांगितलं तर म्हणाली, "कुठला हिस्सा? तोंडाकडचा असेल तर खायला मागेल."

देवासमोर बसलो तेव्हा एवढंच मागितलं, मोटार चालू दे.

५ फेब्रुवारी

चालली. ही न उतरता फाटकापर्यंत गेली. संध्याकाळी सांगत होती, लग्नानंतर तुम्ही सायकल शिकवताना पाठीवर हात ठेवून ढकलायचात, अगदी तसं वाटतं. मी हे विसरूनच गेलो होतो. मी तेव्हा धापा टाकत मागून पळायचो आणि ही ओरडायची, हात सोडू नका.

२१ फेब्रुवारी

पोस्टमन दुकानात येऊन बसला. अंगाने भरलेला, स्वतःच्या पोटावर स्वतःच विनोद करणारा माणूस. म्हणाला, "मिस्त्री, मला ओढायला रेल्वेचं इंजिन बसव." मग खरंच चौकशी करू लागला. मी त्याला समजावलं की वॅट म्हणजे सगळं नव्हे. सपाट रस्त्यावर २५० पुष्कळ. चढावर प्रश्न वेगाचा नसतो, रेट्याचा असतो, आणि तो रेटा मोटार कुठे बसवली आहे यावर ठरतो. तो मान हलवत होता, पण लक्ष समोरच्या चहावर.

जाता जाता म्हणाला, वहिनी काल वळणावरच्या कठड्यावर बसलेल्या दिसल्या, सायकल शेजारी टेकवून. बॅटरी उतरली असेल. मी घरी आल्यावर बघितली तर निम्म्याहून जास्त भरलेली. हिला विचारलं. "ऊन छान पडलं होतं, बसले जरा," म्हणाली. मग तसंच असेल. वर्षानुवर्षं घाम गाळत गेलेल्या रस्त्यावर आता थांबून बघायची फुरसत मिळाली, हेही मोटारीचंच देणं.

७ मार्च

दोन दिवस पाऊस. पुढच्या चाकाची मोटार ओल्या चढावर घसरते. वर चढताना माणसाचं वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी फिरतं. ही पडता पडता वाचली. चूक माझी, आधी सुचायला हवं होतं. आज ती काढून मागच्या चाकात ३५० ची बसवली. या मोटारीच्या पोटात तीन लहान दातेरी चाकं आहेत. मोटार आत भरभर फिरते, ती चाकं तिचा वेग कमी करून रेटा वाढवतात. उघडून बघितलं तेव्हा करणाऱ्याला मनात नमस्कार केला.

चाक बसवल्यावर अंगठ्याने टायर दाबून बघितला. हवा मोजायचं यंत्र दुकानात आहे, पण वडिलांची सवय हाताला लागली ती लागली. अंगठा चुकत नाही. किती खड्डा पडतो आणि किती लवकर भरून येतो, त्यावर कळतं.

मी दुकानात आहे तोवर म्हणून हिने चपलांचे पट्टे पुढे केले, नवीन भोकं पाडून द्या म्हणाली. दिवसभर उभं राहून पाय फुगतात. चपलाही हल्ली अरुंदच करतात. आणखी दोन भोकं पाडून दिली.

२९ मार्च

पहिले काही दिवस हिने ३५० चं कौतुक केलं. आज म्हणाली, पुन्हा जड जातंय. मी दुपारी दुकान बंद करून स्वतः ती सायकल घेऊन वर गेलो. कुठेही अडली नाही. खाली येऊन मोटारीला हात लावला तर गरम होती, पण भाजण्याइतकी नाही.

बराच विचार केला. चाकातल्या मोटारीचं दुखणं हे की सायकल फार हळू झाली की तिचा रेटा वाया जातो, ती नुसती तापते. ही माझ्यापेक्षा हळू चालवत असणार. मग हिला मधली मोटार हवी, पायडलच्या दांड्यापाशी बसते ती. ती चेनमधून ओढते, म्हणून सायकलचे गिअर तिच्याही कामी येतात. चढावर हलका गिअर टाकला की २५० चीसुद्धा चाकातल्या ५०० चं काम करते. महाग आहे. पण हिच्या चढासाठी तीच बरोबर.

लेकीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा, आईचा आवाज तुटतो, वाक्य अर्ध्यावर थांबतं. हा फोन जुना झाला. बदलायला हवा.

९ एप्रिल

मेव्हण्याने येताना मधली मोटार आणली. ज्याच्याकडून घेतो त्या व्यापाऱ्याला आम्ही हमीवाले म्हणतो, कारण काहीही विचारा, "हमी माझी" हे उत्तर ठरलेलं. यावेळी हमी खरी वाटली. असं यंत्र मी हातात धरलं नव्हतं. पायडल दाबलं की पाय किती जोराने दाबतो हे ती ओळखते आणि त्या मानाने स्वतःचा जोर मिसळते. आपण थोडं लावलं तर ती थोडं, आपण जास्त लावलं तर ती जास्त. हँडलवर लहान पडदा आहे, त्यावर दोन आकडे: एक मोटारीचा, एक पायाचा. माणसाच्या पायात किती वॅट असतात हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मी चढावर शंभराच्या वर राहिलो. मेव्हणा दीडशेपर्यंत गेला आणि मग कठड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, "ट्रकला असा पडदा नको. मालक पगार त्यावर ठरवेल."

जेवताना तो हिच्याकडे बघत होता. "ताई, डोळ्यांखाली सूज आहे तुझ्या."

"तुझ्या ट्रकच्या धुराने."

"आणि तू वाढतेस नुसती. जेवत का नाहीस?"

"तू सगळं संपवलंस म्हणून."

आम्ही हसलो. तो मात्र पानावर मान घालून राहिला. बहिणीच्या घरी आला की त्याला उगीच आई आठवते.

१३ एप्रिल

मन खट्टू आहे. मधली मोटार हिच्याखाली चालत नाही.

सकाळी मी दुसऱ्या सायकलवर हिच्या शेजारून गेलो, पडद्यावर लक्ष ठेवून. पायाचा आकडा तीस. कधी पस्तीस, वळणापाशी वीस. पाय वीस म्हटल्यावर मोटार तरी किती लावणार? सायकल डगमगायला लागली आणि ही उतरली. मी तिथेच बसून दोन्ही पायडलं तपासली. मग मी चढवली, तर नीट. पोस्टमन खाली भेटला, त्याला बसवलं, तर त्याच्यासाठी इतकी उसळली की तो घाबरून ओरडला.

काही मोटारी फक्त डाव्या पायाचा जोर मोजतात असं ऐकलं आहे. ही उजव्या पायाने रेटत असेल. किंवा हलक्या माणसाचा दाब त्या यंत्राला उमगत नसेल. क्षणभर असंही वाटलं की हिच्या पायातच जोर उरला नसला तर? पण ओल्या चादरींचे गठ्ठे ही रोज उचलते, ते मला उचलायला सांगा. मोटारच सदोष. उद्या परत करतो.

ही म्हणाली, "मोटारच बिघडलेली असेल ना?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, नक्की. तिला बरं वाटलेलं दिसलं. मलाही.

१५ एप्रिल

हमीवाल्यांशी वाजलं. मी सहसा कोणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. त्यांनी मोटार बाकावर लावली, हाताने दांडा दाबला, आकडा हलला. म्हणाले, यंत्र ठीक आहे, चालवतं कोण? मी सांगितलं, आमची मंडळी. "मग त्यांना सांगा, जरा जोर लावा."

माझं डोकं फिरलं. जी बाई इतकी वर्षं तो चढ नुसत्या पायांनी चढली तिला हा माणूस गल्ल्यावर बसून जोर लावायला सांगतो. मी काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी त्यांनी ती घेतली, कपाटावर ठेवली आणि बदल्यात ७५० ची मोठी चाकातली मोटार पुढे केली. आत दातेरी चाक नाही, काही नाही. वजनाला धोंडा, पण हँडलची मूठ पिळली की चालते. "हिला पाय लागतच नाहीत," म्हणाले. "मेलेला माणूससुद्धा वर जाईल. हमी माझी."

२० एप्रिल

आख्खा घोडा बसवला. मागच्या चाकाचा दांडा एवढ्या जोराने फिरून निसटू नये म्हणून लोखंडी पट्टी कापून सायकलच्या सांगाड्याला आवळली. ते काम मनासारखं झालं.

आणि ही गेली, राणीसारखी. पाय स्थिर, पाठ ताठ, वळणावर न थांबता वर. मी खाली उभा राहून बघत होतो. बेकरीवाला दुकानाबाहेर आला. शाळेचे संगीतमास्तर सायकल धरून उभे राहिले. दुपारपर्यंत दोघंही माझ्याकडे चौकशीला.

संध्याकाळी हिला विचारलं, आता? म्हणाली, "आता काही नाही. आता चढच नाही." डोळ्यांत पाणी होतं. आनंदाने असेल.

देवासमोर जास्त वेळ बसलो. मागण्यासारखं काही नव्हतं, म्हणून नुसता बसलो.

१० मे

लिहायला सवड नाही. संगीतमास्तरांना २५० ची बसवली, त्यांचा रस्ता सपाट आहे. ते ७५० मागत होते, मी दिली नाही. गरजेपेक्षा मोठी मोटार म्हणजे बॅटरीचा नाश आणि पायांचाही.

हिचा खोकला जात नाही. साबणाच्या पावडरीने होतो असं आश्रमातल्या बायका म्हणतात. आडवं झालं की वाढतो, म्हणून भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपते. सकाळी माझ्याआधी उठून निघून गेलेली असते. मी म्हटलं, आता मोटार आहे, उशिरा निघालीस तरी चालेल. म्हणाली, लवकर रस्त्यावर कोणी नसतं, बरं वाटतं. भूकही कमी झाली आहे. पायडल मारायचं सुटलं, व्यायाम गेला, त्यामुळे असणार. मोटारीचा हा एक तोटा नोंदवून ठेवायला हवा.

काल पोळ्या लाटता लाटता विचारत होती, "ही मोटार किती वर्षं चालेल?"

"हिला झिजायला आत काहीच नाही. तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त चालेल."

"मग बरं."

२४ मे

बेकरीवाल्याला पाव पोचवायला तीन सायकली हव्यात. त्याला वजन घेऊन चढ चढताना बघायचं होतं. हिचा आज सुट्टीचा दिवस. हिला म्हटलं, मागे मैद्याचं पोतं बांधतो, एकदा वर जाऊन ये. ही म्हणाली, पुढच्या आठवड्यात केलं तर? बेकरीवाला समोर उभा. मी म्हटलं, तुला काय करायचं आहे, मूठच तर पिळायची. मग पदर खोचून आली.

पोतं घेऊन गेली. वर पोचल्यावर तिथून हात केला. बेकरीवाल्याने तिथल्या तिथे तिन्ही सायकली ठरवल्या.

दुपारभर ही पडून होती. कौतुकानेही माणूस दमतं.

४ जून

सकाळी फाटकापाशी पडली. आश्रमाचा रखवालदार सांगतो, सायकल सरळ आली, वेग कमी झाला नाही, मान मात्र खाली होती. फाटकाला चाक लागलं तेव्हा मूठ सुटली.

मोटारीने वर पोचवलं.

दवाखान्यात आहे. श्वासाचा आवाज ओल्या पंपासारखा येतो.

५ जून

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. त्यांनी हिच्या घोट्यावर अंगठा दाबला, जसा मी टायर दाबतो. उचलला तर खड्डा तसाच. मी बघत राहिलो, तो भरून यायची वाट बघत. आलाच नाही. हे पाय माझ्या घरात होते. त्या चपलांना भोकं मी पाडली होती.

मग विचारलं, दम कधीपासून लागतो. मी सांगू लागलो की २५० ची बसवली त्याच्या आधीपासून वळणावर उतरून चालायची. २५० वर थोडे दिवस बरं होतं, मग साडेतीनशे बसवली, त्यावर पुन्हा...

त्यांनी लिहिणं थांबवलं. "हे कसले आकडे?"

"मोटारीचे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग शांतपणे म्हणाल्या, थंडीपासून म्हणजे. हृदयाची ताकद पाव उरली आहे. हा पंप कमी पडला की पाणी आधी पायात साठतं, मग छातीत. तेव्हा आला असतात तर औषधांवर बरीच वर्षं काढता आली असती. आताही प्रयत्न करतो.

बाहेर मेव्हणा बाकावर होता. ट्रक कुठेतरी सोडून आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही. "दाजी, ती दमत होती आणि तुम्ही मोटारी बदलत होतात," एवढंच बोलला.

८ जून

आज ही थोडी बोलली. नाकाला नळी, त्यामुळे शब्द हळू.

मी सांगितलं, ती मधली मोटार बिघडलेली नव्हती.

"माहीत होतं."

मग तेव्हा बोलली का नाहीस, असं मी विचारलं. छताकडे बघत म्हणाली, "तुम्ही तिला खोटी म्हणालात ना, तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, माझ्यात काही नाही." मग म्हणाली, "आणि लोक बघत होते हो. मी उतरले असते तर तुमची मोटार कमी पडली असं झालं असतं."

मी हिचा हात धरला. हिने विचारलं, दुकान उघडलं का. मी नाही म्हटलं. "उघडा. बेकरीवाला थांबलाय."

एवढे महिने मी रोज देवासमोर बसलो. प्रत्येक वेळी मोटारीसाठीच बसलो. त्याने ऐकलं नाही असं कसं म्हणू? जे मागितलं ते दिलंच की.

१३ जून

ही गेली. पहाटे. मी शेजारीच होतो. पाठीवर हात होता.

३० ऑगस्ट

बरेच दिवस ही वही उघडली नाही. लेक राहून गेली. मेव्हणा येतो, जेवतो, कमी बोलतो. पण येतो.

बेकरीवाल्याच्या तिन्ही सायकली करून दिल्या. शब्द दिला होता. शिवाय हिने सांगितलं होतं.

आश्रमातून हिचं सामान आणायचं राहिलं होतं. आज हिचीच सायकल घेऊन गेलो. मोटार काढून ठेवली होती, नुसत्या पायांनी चढलो. वळणापाशी माझाही दम संपला. कठड्यावर बसलो. तिथला एक दगड बसून बसून गुळगुळीत झाला आहे. समोर गटार आणि गोदामाची भिंत. ऊन तिथे दुपारनंतरच येतं. ही तिथून जायची ती सकाळी.

वरच्या कपड्यांच्या खोलीत हिचा डबा, एक जुनं स्वेटर, आणि खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर. दुसरी पाय वर ठेवायला होती, तिथल्या बाईने सांगितलं. मग म्हणाली, तुमच्या मोटारीचं फार कौतुक सांगायच्या.

५ सप्टेंबर

हमीवाल्यांकडे गेलो. मधली मोटार अजून कपाटावरच होती, दोरीने बांधलेली, वर खडूने 'सदोष' लिहिलेलं. मी म्हटलं, ती द्या.

"मग परत का केली होती?" त्यांना काही माहीत नव्हतं.

"मोटार बरोबर होती."

त्यांनी तोंड उघडलं, हमीचं काहीतरी बोलणार होते. माझ्याकडे बघून थांबले. ओला फडका घेऊन खडू पुसला आणि मोटार पिशवीत घालून दिली.

एवढ्या मोटारी बसवल्या. ढकलणाऱ्या, ओढणाऱ्या, पाय न लावता नेणाऱ्या. माणूस किती उरलं आहे हे विचारणारी ही एकच होती. तिने रोज सांगितलं, आकड्यात सांगितलं, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी तिला सदोष ठरवून दोरीने बांधायला लावलं.

हिच्या सायकलला तीच बसवली आहे. सकाळी देवासमोर बसून झालं की चढ चढून येतो. पायाचा आकडा बघतो. काही मागत नाही.

१८ सप्टेंबर

पोस्टमन आला. आता त्याला खरंच मोटार हवी आहे, टेकडीकडचं टपाल त्याच्या वाट्याला आलं आहे. थोडा वेळ हातातली टोपी फिरवत उभा राहिला, मग म्हणाला, "मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नकोस. पण वहिनींची होती तीच दे. पाय न लावता जायच्या ती."

ती कोपऱ्यात आहे, गोणपाटाखाली. गेल्या महिन्यात आणखी दोघांनी मागितली. मी विकली नाही.

त्याला स्टुलावर बसवलं. चढ जड कधीपासून जातो, विचारलं. म्हणाला, जन्मापासून. झोप कशी लागते, उशा किती लागतात. "बायको म्हणते एकही देऊ नये, घोरतो म्हणून." मी त्याला बूट काढायला सांगितला. तो हसत होता, काढला. मोजा खाली सरकवला आणि घोट्यावर अंगठा दाबून धरला.

उचलला. कातडी लगेच वर आली. मी पुन्हा दाबून बघितलं.

तुला मधली २५० ची पुष्कळ, मी म्हटलं. बाकीचं पायांनी मार, तब्येत चांगली आहे.

"हवा बरोबर आहे ना?" तो म्हणाला.

बरोबर आहे, म्हणालो. अंगठा मात्र तसाच ठेवून बसलो होतो. शेवटी त्यानेच हळूच पाय मागे घेतला.